बाबांचा मोबाइल आणि यूसीचे दिवस

परवा मुदखेडला गेलो होतो. बाबांनी मोबाइल पुढे केला, "यात व्हायरस शिरलाय म्हणतंय, बघ बरं." व्हायरस कसला! बातमीच्या पानावरची जाहिरात. घाबरून दोनदा दाबली होती त्यांनी.

तर मंडळी, थोडं मागे जाऊ. २०१६ मध्ये जिओ येण्याआधी डेटा पुरवून पुरवून वापरावा लागे. ऑपेरा मिनी आणि नंतर यूसी ब्राउझर पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर लहान करत, मग आपल्याला पाठवत. मुदखेड जंक्शनवर आदिलाबादच्या गाडीची वाट बघत मीही यूसीच वापरायचो. पैसे वाचायचे ना! पण मधला माणूस आपलं सगळं वाचू शकतो, हे इंजिनिअर असूनही डोक्यात आलं नाही. २०१५ मध्ये टोरंटोच्या सिटिझन लॅबने दाखवलं, की यूसीत आपण काय शोधतो ते उघडंच, एन्क्रिप्शनशिवाय जातं. जून २०२० मध्ये भारताने त्यावर बंदी घातली.

डेटा स्वस्त झाला, पाळत मात्र राहिली. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाहीत. (जाहिरातींवर जगणारी कंपनी ते कशाला देईल, असं आपलं माझं मत.) ब्रेव्हमध्ये अडवणूक आतच असते. मी फायरफॉक्स निवडला, कारण त्यात रेमंड हिलचं यूब्लॉक ओरिजिन चालतं आणि कोणत्या याद्या लावायच्या ते आपण ठरवतो.

बाबांना तेच बसवून दिलं. काल फोन आला, "अरे, पान रिकामं रिकामं दिसतंय. काही बिघडलं का?"