भूगोलाचा पेपर आणि पालकाची सही

मार्च २०२०. दहावीची परीक्षा संपत आली होती. एकच पेपर उरला होता, भूगोलाचा, २३ मार्चला. तो आधी पुढं ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण द्यायचे ठरले. शहरांत ही बातमी टीव्हीवरून, मोबाईलवरून लगेच घरोघरी पोचली. आता एक साधा प्रश्न विचारते. मूल, सावली, गोंडपिपरी यांसारख्या तालुक्यांतून दरवर्षी कितीतरी कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर तेलंगणात मिरची तोडायला जातात. टाळेबंदी लागली तेव्हा त्यातली हजारो माणसं खम्मम आणि आसपासच्या भागात अडकली होती. त्यांच्यातल्या कुणाची मुलगी इकडं आजीजवळ राहून दहावीला बसली असेल, तर तिच्या आईबापांना शाळेनं ही बातमी कशी सांगायची?

हा प्रश्न मला माझ्या पीएचडीच्या विषयाकडं घेऊन आला. पूर्व विदर्भातल्या माध्यमिक शाळा आणि पालक यांच्यात कागद कसे फिरतात, हा माझा विषय. ऐकायला रुक्ष वाटतो, मान्य आहे. पण या कागदांत एक गोष्ट लपलेली आहे, आणि ती वेळेत लिहून ठेवली नाही तर हातची जाईल. म्हणून आजची पोस्ट.

आधी थोडं मागं जाऊ. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्र सरकारनं साथरोग कायदा लागू केला आणि दोन-चार दिवसांत शाळा बंद झाल्या. हा कायदा १८९७ चा. मुंबईतल्या प्लेगच्या साथीमुळं इंग्रज सरकारनं घाईघाईनं केलेला. त्याचा सूर सरळ आहे : सरकार सांगेल, लोकांनी ऐकायचं. घरझडत्या झाल्या, माणसं उचलून नेली गेली. त्यातून लोकांत किती संताप साचला हे पुण्यातल्या रँडच्या खुनानं दाखवून दिलं. पुढं १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला. आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती ‘मानमोडीची साथ’. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं त्यात गेली आणि चांदा जिल्हा ज्या मध्य प्रांतात होता, तो सर्वांत होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. (चांद्याचं चंद्रपूर झालं १९६४ ला, आणि गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला.) त्या साथीचे सरकारी अहवाल वाचताना मृत्यूंचे आकडे भेटतात, प्रमाण भेटतं, महिने भेटतात. शाळेत मूल पाठवणारा बाप त्यात बोलत नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, मग त्याचं म्हणणं कागदावर येणार कुठून?

शंभर वर्षांनी चित्र बदललं होतं का? कागदावर, हो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या महिला. पण इथं एक मेख आहे. हा कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी, म्हणजे पहिली ते आठवी. नववी-दहावीच्या पालकाला त्या कायद्यानं जागा दिलेली नाही. पालक-शिक्षक संघ असतो, माध्यमिक शाळांसाठीच्या योजनेतली समितीही असते, पण कायद्याचं बळ आठवीपाशी थांबतं.

बरं, एवढ्यावरच थांबत नाही. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. शाळा बंद असताना तांदूळ आणि डाळी-कडधान्यं पालकांना शाळेत बोलावून वाटली गेली, आणि त्या रांगेत गुरुजी आणि आईबाप यांचं बोलणं झालं. मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीपर्यंत. म्हणजे साथीच्या काळात पालकाला शाळेच्या दारात आणणाऱ्या तीन गोष्टी – समिती, धान्य, पुस्तकं – तिन्ही आठवीला संपत होत्या. जी मुलं बोर्डाच्या परीक्षेच्या, नाहीतर शाळा सोडण्याच्या, नाहीतर लग्नाच्या उंबरठ्यावर होती, नेमके त्यांचेच पालक शाळेपासून सगळ्यात लांब होते.

जूनमध्ये राज्यानं ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे धोरण घेतलं. विदर्भात उन्हामुळं तेव्हा शाळा २६ जूनला उघडायच्या. त्या वर्षी त्या दिवशी वर्ग उघडले नाहीत, व्हॉट्सअॅपचे गट उघडले. गट म्हणजे पालकांशी संपर्क, असं गृहीत धरलं गेलं. पण साथीआधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. भामरागड, एटापल्लीकडच्या गावांत तर आधी रेंज कुठल्या टेकडीवर मिळते हे शोधावं लागतं. आणि मोबाईल असला तरी तो बापाच्या खिशात असतो, बाप रानात असतो.

त्यातही आश्रमशाळांचं दुखणं वेगळं. गडचिरोली जिल्ह्यात गडचिरोली, अहेरी आणि भामरागड असे तीन एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प आहेत. चंद्रपुरात चंद्रपूर आणि चिमूर. त्यांच्या शाळांतली मुलं निवासी. एरवी पालक वर्षातून दोन-तीनदाच शाळेत येणार : मूल सोडायला, सणाला न्यायला, आजारी पडलं तर. मार्चमध्ये वसतिगृहं रिकामी झाली आणि एका शाळेची मुलं कितीतरी पाड्या-टोल्यांत पांगली. आता शाळेलाच पालकाच्या दारी जावं लागणार होतं. आदिवासी विकास विभागाचा ‘अनलॉक लर्निंग’ हा उपक्रम याच गरजेतून आला : शिक्षकांनी गावोगाव जायचं, साहित्य घरपोच द्यायचं, गावातल्या शिकलेल्या पोरापोरींची मदत घ्यायची. त्यात ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडजसारखी गावं पाण्यानं वेढली गेली. साथ एकीकडं, पूर एकीकडं.

या धावपळीत शाळांना एक जुनीच गोष्ट नव्यानं कळली असं मला वाटतं. ती म्हणजे पालकांचं वेळापत्रक. फेब्रुवारी ते एप्रिल मिरची. मे महिन्यात तेंदूपत्ता. जुलै-ऑगस्ट रोवणी. ऑक्टोबरपासून धानाची कापणी, मग मळणी. शाळेची पालकसभा आजवर शाळेच्या सोयीनं, बहुधा भर दुपारी लागायची आणि इतिवृत्तात ‘पालकांची उपस्थिती अल्प’ असा शेरा पडायचा. या शेऱ्याचा अर्थ पालकांना आस्था नाही, असा लावला जायचा. पण २०२० मध्ये ज्या शिक्षकानं सकाळी सहाला किंवा दिवेलागणीला गाव गाठलं, त्याला पालक भेटले. समाजमंदिरात भेटले, गोटुलापाशी भेटले, पारावर भेटले. कोतवालानं मुनादी दिली तर मोबाईल नसलेल्या घरीही निरोप गेला. बैठकीला पालक कमी यायचे, याचा दोष बैठकीच्या वेळेकडं जास्त होता.

मग आला २३ नोव्हेंबर २०२०. राज्यानं नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी दिली, अट अशी की पालकांची लेखी संमती हवी. हजेरी सक्तीची नाही. पालक हो म्हणाले तरच मूल येणार. जरा थांबून याकडं बघा. ज्या इयत्तांच्या पालकांना कायद्यानं समितीत जागा दिली नव्हती, त्यांच्याच सहीवाचून आता वर्ग भरणार नव्हता. १८९७ च्या कायद्याखाली बंद केलेली शाळा उघडायला सरकार बापाची, आईची सही मागत होतं. माझ्या दृष्टीनं हा या सगळ्या कहाणीतला सगळ्यात मोठा बदल आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी झाली.

अर्थात सही हे दुधारी पान आहे. ती हक्कही देते आणि जबाबदारीही गळ्यात घालते. उद्या मुलाला काही झालं तर ‘तुम्हीच सही केली होती’ असं म्हणायची सोय त्यात असते. शिवाय कागद मराठीत, तोही सरकारी मराठीत. ज्या घरात माडिया किंवा गोंडी बोलतात आणि शाळेत जाणारं पहिलंच मूल आहे, तिथं संमतीपत्र वाचून दाखवणार कोण? तेच मूल. स्वतःच्या संमतीचं भाषांतर स्वतःच करून बापाच्या अंगठ्याला शाई लावणारं. आणि हे सगळं ऐन धानाच्या हंगामात, जेव्हा घरी एक जास्तीचा हात फार मोलाचा असतो. सही न आलेल्या प्रत्येक घरात साथीचीच भीती होती, असं म्हणता येणार नाही.

पुढचं पाऊल जुलै २०२१ मध्ये पडलं. महिनाभर रुग्ण नसलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून सुरू करता येतील, पण पालकांशी चर्चा करून ग्रामपंचायतीनं ठराव घ्यायचा आणि सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची, असं ठरलं. बऱ्याच जिल्ह्यांना हे नवीन होतं. गडचिरोलीला तेवढं नव्हतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा कित्येक वर्षांपूर्वी दिली होती. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. बांबू कधी तोडायचा हे बसून ठरवण्याची सवय ज्या भागात आहे, तिथं शाळा कधी उघडायची हेही बसून ठरवता येतं. ग्रामसभा आणि शाळा या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या खात्यांत ठेवल्या, म्हणून हे आधी सुचलं नाही.

या सगळ्यानंतर काय उरलं? २०२१ ची दहावीची परीक्षा झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. त्या आकड्यात फक्त ज्यांचं नाव बोर्डापर्यंत गेलं ती मुलं आहेत. ज्याच्या घरचा निरोपच तुटला, ते मूल टक्केवारीत धरलेलंच नाही. ते सापडलं तर संमतीपत्रांच्या गठ्ठ्यात सापडेल, न आलेल्या सहीच्या रूपात.

आणि हे गठ्ठे चालले आहेत रद्दीत. एका शाळेत (नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, सगळीकडं हेच आहे) खडूच्या खोक्याखाली मला २०२० ची संमतीपत्रं दिसली. कुणी निळ्या शाईत सही केलेली, कुणाचा अंगठा, एकावर आईचं नाव आधी आणि बापाचं खोडलेलं. बाई म्हणाल्या, कपाट रिकामं करायचंय. व्हॉट्सअॅपचे गट तर त्याहून लवकर जातात. मोबाईल बदलला की दोन वर्षांचा इतिहास गेला.

मानमोडीच्या साथीत पालकांचं म्हणणं कुणी लिहूनच घेतलं नाही. या वेळी लिहून घेतलंय, सहीनिशी. ते आपण आपल्या हातानं फेकलं तर शंभर वर्षांनंतरच्या संशोधकाला पुन्हा आकडेच मिळतील. म्हणून वाचणाऱ्यांत कुणी मुख्याध्यापक, शिक्षक, शाळेतले बाबू असतील तर एवढंच सांगणं : तो गठ्ठा एका पिशवीत बांधा, वर साल लिहा, वाळवीपासून उंच ठेवा. पालकसभेची २०२० आणि २०२१ ची इतिवृत्तं वेगळी काढून ठेवा. गटातले निरोप एकदा छापून घ्या. मुलांची-पालकांची नावं बाहेर जाऊ देऊ नका, ती जबाबदारी आपलीच.

आणि पुढची पालकसभा ठरवाल तेव्हा आधी विचारा, धान कापून झालंय का.