वय झालं म्हणून?

दिवाळीला घरी गेलो तेव्हा लक्षात आलं, आईनं गच्चीवर जाणंच सोडलंय. गुडघे. "अरे, वय झालं आता," ती म्हणाली. मीही मान डोलावली. नंतर ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल वाचायला बसलो आणि त्या मान डोलावण्याची लाज वाटली.

१७४३ साली लंडनमध्ये विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञानं कूर्चेवर निबंध लिहिला. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर. ते एकदा गेलं की भरून येत नाही, असं त्यानं नोंदवलं. वापरलं, झिजलं, संपलं! आपल्या डोक्यातलं चित्र अजून हेच आहे.

जाड माणसांचे गुडघे जास्त दुखतात हे डॉक्टरांना दिसत होतंच. पण आधी कोंबडी की आधी अंडं? वजनामुळे गुडघे गेले, की गुडघ्यांमुळे चालणं थांबून वजन वाढलं? उत्तर मिळालं ते चक्क हृदयरोगाच्या अभ्यासातून. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो लोकांची नियमित तपासणी होत होती. त्यातल्या १,४२० जणांच्या गुडघ्यांचे एक्स-रे १९८३ ते १९८५ मध्ये काढले आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ज्यांचं वजन जास्त होतं, त्यांच्यात, विशेषतः बायकांमध्ये, हा आजार जास्त निघाला. म्हणजे वजन आधी! १९९२ मध्ये त्याच गावानं उलट बाजूही दाखवली: ज्या बायकांचं वजन पाचेक किलोनं उतरलं होतं, त्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला होता.

मग सगळा दोष वजनाचाच? तसंही नाही. जुनी दुखापत आणि आनुवंशिकता आहेच. शिवाय २०१७ मध्ये हार्वर्डच्या इयान वॉलेस आणि डॅनियल लीबरमन यांच्या गटानं अमेरिकेतले पन्नाशीपुढच्या माणसांचे अडीच हजारांवर सांगाडे तपासले. प्रागैतिहासिक काळात प्रमाण ८ टक्के, कारखानदारीच्या सुरुवातीला ६ आणि अलीकडच्या काळात १६. आम्ही सॉफ्टवेअरवाले करतो तसं वय आणि वजन हे दोन्ही व्हेरिएबल बाजूला काढले, तरी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रमाण दुप्पट झालेलंच. त्यामुळे संशोधकांचा एक संशय आपल्या कमी झालेल्या हालचालीवर आहे.

असो. आईला हे सगळं फोनवर सांगितलं. डॉक्टरांना विचारून ती आता रोज थोडं चालते. गेलेली कूर्चा परत येणार नाही, हंटरचं तेवढं खरंच. पण "वय झालं" हे पूर्ण उत्तर नाही.

"आणि तू किती चालतोस रे?" तिनं विचारलं. मी विषय बदलला.