साष्टीसाठी की राघोबासाठी? १७७५ च्या युद्धामागचा हेतू

विद्यार्थी मित्रांनो, मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. इतिहास हा माझा छंद. तरी या टिपणाची सुरुवात कार्यशाळेतूनच करतो. एखादा दांडा मोडला की कारखान्यातला माणस म्हणतो, 'भार जास्त झाला'. ते खोटे नसते, पण पुरेसेही नसते. मोडलेले तोंड भिंगाखाली धरले की शिंपल्यावर असतात तशा रेषा दिसतात. त्या रेषा मागे नेत गेलात तर तडा पहिल्यांदा कुठे पडला ते सापडते. शेवटचा धक्का आणि पहिला तडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकार युद्ध का पुकारते, हा प्रश्न मी असाच हाताळतो. सरकारने काय सांगितले ते आधी ऐकावे, मग घटनांचा क्रम लावावा.

आज आपण पहिले इंग्रज-मराठा युद्ध (१७७५–१७८२) घेऊ. मुंबईकर इंग्रजांनी जगाला सांगितलेले कारण असे: ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, गादी रघुनाथरावांकडे आली, बारभाईंनी ती हिसकावली, आणि हक्काच्या पेशव्याला आपण मदत करीत आहोत. ६ मार्च १७७५ च्या सुरत तहाचा वरवरचा अर्थ हाच. रघुनाथरावांना अडीच हजार फौज द्यायची, खर्च त्यांनी सोसायचा, आणि बदल्यात साष्टी, वसई व सुरत-भडोचच्या उत्पन्नाचा वाटा कंपनीला मिळायचा.

आता क्रम पाहा. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. म्हणजे सुरतेला सही झाली तेव्हा नारायणरावांचा मुलगा जवळजवळ अकरा महिन्यांचा होता. हक्काची बाजू तिथेच लंगडी पडते. याहून बोलकी गोष्ट ठाण्याची. १७७४ च्या अखेरीस साष्टी-वसई द्यायला रघुनाथराव तयार नव्हते. मुंबईच्या कौन्सिलने मग वाट पाहिली नाही. त्याच डिसेंबरच्या अखेरीस इंग्रज फौजेने ठाण्याचा किल्ला चढाई करून घेतला आणि साष्टी बेट ताब्यात आले. तह त्यानंतर दोन महिन्यांनी! ज्याच्या मदतीसाठी लढायचे, त्याने न दिलेला मुलूख आधी घ्यायचा आणि मग त्याच्याशी करार करायचा, याला मदत म्हणायचे का, हे तुम्हीच ठरवा.

मुंबईची बाजूही नीट ऐकू. त्यांचे म्हणणे होते की पोर्तुगीज साष्टी परत घेण्याच्या तयारीत आहेत, आपण घेतली नाही तर ते घेतील. ही भीती अगदीच हवेतली नव्हती. चिमाजीअप्पांनी साष्टी (१७३७) आणि वसई (१७३९) त्यांच्याकडूनच जिंकली होती, आणि ती सल त्यांना होतीच. पण पोर्तुगीजांची भीती खरी धरली तरी त्यातून 'साष्टी आपल्याला हवी' एवढेच सिद्ध होते. राघोबा त्यात कुठेच येत नाही.

आणि साष्टी का हवी, याचे उत्तर नकाशातच आहे. मुंबई हे छोटे बेट. धान्य, गुरे, लाकूड शेजारून येणार. खर्च भागेना म्हणून बंगालच्या तिजोरीतून पैसा आणावा लागे. लंडनच्या संचालकांना साष्टी-वसई हवी होती, आणि मॉस्टिन हा वकील १७७२ मध्ये पुण्याला गेला तो त्याच कामाला. नारायणरावांच्या खुनाच्या आधीचे वर्ष आहे हे. इथे मला पहिला तडा दिसतो.

आता कलकत्त्याकडे वळू. १७७३ च्या कायद्याने मुंबईवर कलकत्त्याच्या कौन्सिलचा अंकुश आला होता. परवानगी न घेता केलेले हे युद्ध अन्याय्य आहे असे त्यांनी ठरवले, कर्नल अप्टनला पुण्याला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. इथपर्यंत वाचून विद्यार्थी म्हणतात, 'सर, कलकत्तेवाले तरी न्यायाने वागले.' पुढचे वाचा. त्याच अप्टनने साष्टी सोडायला नकार दिला. युद्ध चुकीचे असेल तर त्यात मिळवलेले परत का देत नाही, असे पुण्याच्या कारभाऱ्यांनी त्याला विचारले. मला तरी या सगळ्या कागदपत्रांत याहून नेमका प्रश्न दिसला नाही.

१७७८ मध्ये हेच कलकत्ता बंगालमधून जमिनीवरून फौज धाडते. आता कारण फ्रेंचांचे. सेंट लुबिन १७७७ मध्ये पुण्यात आला होता, अमेरिकेत साराटोगा झाले होते, फ्रान्स इंग्लंडविरुद्ध उतरत होता. ही भीती कितपत खरी आणि कितपत मुंबईने फुगवलेली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझे मत असे की हेस्टिंग्जची भीती खरी होती, मुंबईने ती सोयीने वापरली. एकाच युद्धात दोन सरकारांचे दोन हेतू असू शकतात.

हे युद्ध माझ्या दारापर्यंत आले होते. ओरगडमच्या मोटार कारखान्यांच्या रस्त्यावरून कांचीपुरमकडे निघालात तर तासाभराच्या आत पुल्ललूर लागते. १० सप्टेंबर १७८० रोजी तिथे हैदर आणि टिपूने कर्नल बेलीची फौज बुडवली. कांचीपुरमला असलेला मन्रो वेळेवर पोहोचला नाही, आणि मग मोठ्या तोफा देवळाच्या तलावात टाकून मद्रासकडे पळाला. वाडगावला जानेवारी १७७९ मध्ये मुंबईच्या फौजेची फजिती झाल्यावर नाना फडणीसांनी हैदर आणि निजामाला बरोबर घेतले, त्यातून हे घडले.

हैदरचे सांगण्यातले कारण माहे: इंग्रजांनी १७७९ मध्ये ते फ्रेंच बंदर घेतले. पण त्याचा जुना राग वेगळाच. १७६९ च्या तहात मद्रासकरांनी मदतीचे वचन दिले होते, आणि थोरल्या माधवरावांच्या मराठी फौजा त्याच्यावर चालून आल्या तेव्हा ते पाळले नाही. गंमत पाहा, तो राग ज्या पुण्यामुळे निर्माण झाला, त्याच पुण्याने तो पुढे वापरला. आपली माणसेही हेतूच्या बाबतीत सोवळी नव्हती. हैदरला जोडून घेताना कृष्णेअलीकडचा मुलूख त्याच्याकडे राहू देण्याचे नानांनी कबूल केले होते.

शेवटी १७ मे १७८२ चा सालबाईचा तह उघडा. इंग्रजांनी पुरंदरनंतर जिंकलेला मराठी मुलूख परत दिला, वसईसुद्धा. रघुनाथरावांचा पक्ष सोडला. त्यांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक ठरली, आणि पुढच्याच वर्षी कोपरगावला ते वारले. इंग्रजांकडे राहिली ती साष्टी.

सरावासाठी प्रश्न: सुरत, पुरंदर आणि सालबाई या तीन तहांतील अटी शेजारीशेजारी तीन रकान्यांत लिहा. प्रत्येक अट रघुनाथरावांसाठी होती की कंपनीसाठी, ते नोंदवा, आणि माझे मत तुम्हाला पटत नसेल तर कोणत्या अटीच्या आधारावर, तेही लिहा.