जोनाथन स्विफ्ट : जीवन, साहित्य आणि मुखवट्याची शैली

प्रस्तावना :
इंग्रजीतील उपरोधपर गद्याचा श्रेष्ठ लेखक म्हणून जोनाथन स्विफ्ट (१६६७-१७४५) ओळखला जातो. त्याचे बहुतेक महत्त्वाचे लेखन निनावी किंवा काल्पनिक व्यक्तीच्या नावे प्रसिद्ध झाले. ही त्याची जुनी लेखनसवय होती. परंतु आयर्लंडमधील राजकीय परिस्थितीने तिचे रूपांतर प्रतिकाराच्या साधनात केले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

जीवनपट :
स्विफ्टचा जन्म ३० नोव्हेंबर १६६७ रोजी डब्लिन येथे इंग्रज वंशाच्या कुटुंबात झाला. जन्मापूर्वीच पित्याचे निधन झाले होते. किलकेनी येथील शाळेत व डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये शिक्षण घेतल्यानंतर त्याने इंग्लंडमध्ये सर विल्यम टेम्पल यांच्याकडे चिटणिसाचे काम केले. १७०४ मध्ये 'अ टेल ऑफ अ टब' निनावी प्रसिद्ध झाले. १७१० नंतर लंडनमध्ये त्याने टोरी मंत्रिमंडळाच्या बाजूने लेखन केले. इंग्लंडमध्ये उच्च धर्मपद मिळण्याची त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात १७१३ मध्ये डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचे डीनपद मिळाले. १७१४ मध्ये राणी ॲन मरण पावली, टोरींची सत्ता गेली आणि स्विफ्ट डब्लिनला परतला. आरंभी त्याला हे वास्तव्य हद्दपारीसारखेच वाटले.

आयर्लंडचा प्रश्न :
१६९९ च्या कायद्याने आयरिश लोकरी कापडाची परदेशी निर्यात बंद झाली होती. १७२० च्या कायद्याने आयर्लंडसाठी कायदे करण्याचा अधिकार ब्रिटिश पार्लमेंटने स्वतःकडे असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी स्विफ्टने स्वदेशी कापड वापरण्याचा आग्रह धरणारे निनावी पत्रक काढले. लेखक सापडला नाही, म्हणून मुद्रकावर खटला भरण्यात आला. ज्युरीने त्याला निर्दोष ठरविले, तेव्हा न्यायाधीशाने ज्युरीला नऊ वेळा फेरविचारासाठी परत पाठविले.

१७२२ मध्ये विल्यम वुड या इंग्रज कारखानदाराला आयर्लंडसाठी १,००,८०० पौंडांची तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता मिळाला. आयरिश पार्लमेंटला याबाबत विचारलेही नव्हते. १७२४ मध्ये स्विफ्टने एका सामान्य कापडव्यापाऱ्याच्या नावाने 'ड्रेपियर्स लेटर्स' लिहिली. टांकसाळीचा प्रमुख आयझॅक न्यूटन याने नमुन्याची नाणी तपासून योग्य ठरविली होती. परंतु चौथ्या पत्रात स्विफ्टने वाद नाण्यांच्या कसावरून संमतीच्या प्रश्नावर नेला. शासितांच्या संमतीविना चालणारे राज्य म्हणजे गुलामगिरी, हा त्याचा मुद्दा होता. लेखकाचे नाव सांगणाऱ्यास ३०० पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. लेखक कोण हे डब्लिनमध्ये सर्वश्रुत असूनही कोणीही पुढे आले नाही. १७२५ मध्ये मक्ता रद्द झाला.

साहित्य व शैली :
'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' १७२६ मध्ये लंडनमध्ये गलिव्हरच्याच नावाने प्रसिद्ध झाले. त्यातील लापुटा हे उडते बेट खालच्या शहरांचे ऊन-पाऊस अडवून त्यांना वठणीवर आणते. लिंडालिनो नगराने या बेटाविरुद्ध केलेल्या यशस्वी बंडाचा मजकूर मात्र १८९९ पर्यंत छापला गेला नाही. लिंडालिनो म्हणजे डब्लिन, हे नावातील शब्दखेळावरूनच उघड होते.

१७२९ च्या 'अ मॉडेस्ट प्रपोजल'मध्ये ही शैली टोकाला पोहोचते. पिके बुडून उपासमार पसरलेल्या त्या वर्षांत एक सभ्य हिशेबी गृहस्थ गरिबांच्या १,२०,००० मुलांपैकी १,००,००० मुले वर्षाची होताच श्रीमंतांच्या भोजनासाठी विकण्याची योजना मांडतो. वाक्ये साधी, स्वर शांत, आकडे काटेकोर. लेखात कोठेही संताप नाही, म्हणूनच तो वाचकाच्या मनात उत्पन्न होतो. स्वदेशी माल वापरणे, परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसविणे हे खरे उपाय तो गृहस्थ शेवटी उच्चारतो आणि अव्यवहार्य म्हणून फेटाळतो.

मर्यादा व समारोप :
स्विफ्ट प्रस्थापित अँग्लिकन चर्चचा कट्टर समर्थक होता आणि इतर प्रोटेस्टंट पंथीयांना समान राजकीय हक्क देण्यास त्याचा विरोध होता. बहुसंख्य कॅथलिक प्रजेच्या राजकीय हक्कांचाही त्याने पुरस्कार केला नाही. त्यामुळे त्याला आधुनिक अर्थाने राष्ट्रवादी म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि, ज्या देशात मुद्रकाला तुरुंग आणि लेखकाच्या नावावर बक्षीस होते, तेथे कापडव्यापारी, खलाशी आणि हिशेबी गृहस्थ यांच्या तोंडून त्याने सत्तेला प्रश्न विचारले. स्विफ्टची शैली आणि आयर्लंडचा इतिहास यांचा अभ्यास म्हणूनच एकत्र करणे आवश्यक ठरते.