अटिलाचा अतली होतो तेव्हा

अटिला द हूण हे नाव कुठे ना कुठे कानावरून गेलेलं असतंच. (आपल्या गुप्तांना भिडलेले हूण ते हेच का, हा वेगळा वाद. तो परत कधीतरी.) आइसलँडच्या जुन्या काव्यांत हा माणूस 'अतली' होऊन येतो.

तर मंडळी, गोष्ट अशी. अतलीची बायको गुड्रून ही बर्गंडी राजा गुन्नारची बहीण. सोन्याच्या लोभाने अतली दोघा मेव्हण्यांना मेजवानीला बोलावतो. एकाचं काळीज काढतो, गुन्नारला सापांच्या खड्ड्यात टाकतो. सोनं कुठाय ते गुन्नार शेवटपर्यंत सांगत नाही. मग गुड्रून नवऱ्याला त्याच्याच पोरांची काळजं खाऊ घालते, रात्री त्याला भोसकते आणि वाडा पेटवून देते. एकता कपूर काय करणार यापुढे!

यातला गुन्नार म्हणजे इतिहासातला गुंडाहार. 435 साली रोमन सेनापती एटियसने त्याला हरवलं, तह केला, आणि 436-437 च्या सुमारास हूणांनी त्याचं राज्य बुडवलं. त्या मोहिमेत अटिला होता असा पुरावा नाही. अटिला मेला 453 साली, इल्डिको नावाच्या मुलीशी लग्न झालं त्याच रात्री. नाकातून रक्त येऊन, असं जुनी हकीकत सांगते. पण सहाव्या शतकातला मार्सेलिनस लिहितो की बाईने सुऱ्याने मारलं. म्हणजे गुड्रूनचं बीज तेव्हाच पडलं होतं.

टाइमस्टॅम्प तर बघूच नका. 376 च्या आसपास मेलेला गॉथ राजा एर्मानारिक इथे गुड्रूनचा जावई आहे. अटिलाच्या मृत्यूच्या सुमारास जन्मलेला थिओडोरिक अतलीच्या दरबारात वावरतो. सगळे टेबल्स एकत्र जोडलेत आणि तारखांचा कॉलम उडवलाय!

मला खटकतं ते वेगळंच. 449 साली अटिलाकडे जेवलेला रोमन वकील प्रिस्कस सांगतो, पाहुण्यांना चांदीची ताटं होती, राजा स्वतः लाकडी ताटात जेवला. सोन्याचा लोभ मात्र अगदीच खोटा नाही, कॉन्स्टँटिनोपलकडून तो वर्षाला 2,100 पौंड सोनं घ्यायचा. पण काव्यात ते सोनं ऱ्हाइन नदीत बुडवलेलं, बर्गंडींचं. आणि एटियस? त्याचं नावसुद्धा नाही. सगळं पाप अतलीच्या माथी.