शॅडोरन: फाशांच्या खेळातून आलेल्या सायबरपंक कादंबऱ्या

'सायबरपंक २०७७' हा व्हिडिओ गेम तुम्ही खेळला असेल किंवा नेटफ्लिक्सवर 'एजरनर्स' पाहिली असेल. या दोन्हींचं मूळ कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या एका खेळात आहे. माइक पाँडस्मिथ यांचा हा 'सायबरपंक' १९८८मध्ये आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत 'शॅडोरन' आला आणि त्यावर कादंबऱ्यांची रांग लागली.

हा खेळ कसा खेळतात?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करणार, ते सांगतात. डाव जमला की फसला, हे फासे ठरवतात. (शॅडोरन काढणाऱ्या कंपनीचं नावही योगायोगाने 'फासा'च!)

शॅडोरनचं जग कसं आहे?

साल २०५०, शहर सिएटल. जगात जादू परतली आहे. ड्रॅगन आहेत, एल्फ आहेत. खरी सत्ता मात्र बड्या कंपन्यांकडे आहे. त्यांच्या आवारात त्यांचाच कायदा चालतो. त्यांची चोरटी कामं पैसे घेऊन करणारे ते 'शॅडोरनर'. 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) लिहिणाऱ्या विल्यम गिब्सन यांना सायबरपंकमध्ये एल्फ घुसवणं अजिबात रुचलं नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम

प्रत्येक पात्राकडे सुरुवातीला 'इसेन्स'चे, म्हणजे जीवसत्त्वाचे, ६ गुण असतात. कृत्रिम डोळा, यांत्रिक हात, डोक्यात चिप, काहीही बसवलं की गुण कमी होतात. त्याबरोबर जादूची ताकदही घटते. शून्यावर आलात की मृत्यू. म्हणजे ताकद हवी तर स्वतःतलं काहीतरी द्यावं लागतं.

कादंबऱ्यांत काय आहे?

रॉबर्ट शॅरेट यांची 'नेव्हर डील विथ अ ड्रॅगन' १९९०मध्ये आली. नायक सॅम व्हर्नर हा रेनराकू कंपनीचा नोकर. त्याच्या बहिणीचं शरीर अचानक बदलतं आणि कंपनी तिला त्याच्यापासून तोडते. सॅमच्या डोक्यात कामासाठी यंत्र बसवलेलं आहे आणि पुढे त्याच्यात जादू असल्याचं उघड होतं. नोकरीसाठी आपण किती द्यायचं, हा प्रश्न इथे अक्षरशः शरीराचा होतो.

नायजेल फिंडली यांच्या 'टूएक्सएस'मध्ये एक गुप्तहेर मेंदूला व्यसन लावणाऱ्या चिपच्या मागावर निघतो.

लेखकांचं काय?

या कादंबऱ्या लेखकांच्या, पण त्यातलं जग कंपनीचं. २००१मध्ये फासाने गाशा गुंडाळला, तेव्हा कादंबऱ्याही थांबल्या. पुढे हक्क दुसऱ्यांकडे गेले आणि मालिका पुन्हा सुरू झाली. कंपन्यांच्या मुठीतल्या माणसांच्या या गोष्टी स्वतःही कंपनीच्याच मुठीत होत्या.

कुठून सुरुवात करावी?

सॅमच्या गोष्टीपासून करा. खेळ येत नसला तरी काही अडत नाही.