उभं पोहणं

नगरजवळच्या एका मळ्यातली विहीर. मार्च महिना, पाणी तीन परस खाली गेलेलं. काठावरून तुम्हाला मोटारीचा काळा पाइप दिसतो, कपारीतले पारवे दिसतात, पाठीला प्लॅस्टिकचे कॅन बांधून पोहायला शिकणारी पोरं दिसतात. तुम्ही सूर मारता. खोलवर पाणी एकदम गार लागतं, कानांत दडे बसतात.

वर येता तेव्हा पाइप नाही. डोक्यावर चाक कुरकुरतंय, चामड्याची मोट धबाककन पाण्यात आपटते, धावेवर बैल मागं सरकताहेत. पोरांच्या पाठीवर कॅनच्या जागी वाळलेले भोपळे आहेत. साल 1951.

मोठ्या पोरांची पैज लागलीय. दोन्ही हात पाण्याबाहेर धरून कोण जास्त वेळ तग धरतो? याला उभं पोहणं म्हणतात. छातीपासून वर माणूस निवांत दिसतो, पण पाण्याखाली त्याचे पाय ताकातल्या रवीसारखे अखंड फिरत असतात. हे पाय नीट बघून घ्या. त्यांच्यासाठीच तुम्हाला दिल्ली गाठायचीय.

टांगा किल्ल्याच्या बाजूनं जातो. याच किल्ल्यात 1942च्या ऑगस्टपासून 1945च्या मार्चपर्यंत नेहरू कैदेत होते. आता ते पंतप्रधान आहेत आणि त्यांच्या दिल्लीत पहिले आशियाई खेळ भरलेत. नगरहून मनमाड, तिथून पंजाब मेल. कोळशाचे कण डोळ्यांत जातात, इटारसीला चहा मिळतो, झाशीला ऊन उतरतं.

नॅशनल स्टेडियमचा तरण तलाव. 4 मार्चला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी खेळांचं उद्घाटन केलं, अकरा देश आलेत. 8 तारखेला सचिन नाग 100 मीटर फ्रीस्टाइल 1 मिनिट 4.7 सेकंदांत जिंकतो. पोहण्याच्या शर्यतीतलं भारताचं आशियाई सुवर्ण आजवर तेवढं एकच. सूर मारण्याच्या दोन्ही स्पर्धा के. पी. ठक्कर जिंकतात, विहिरीच्या काठावर वाढलेल्या माणसाला त्याचं अप्रूप जरा जास्तच वाटतं.

नाग वॉटरपोलोच्या संघातही आहे. बनारसला गंगेत पोहत वाढलेला हा माणूस. 1947च्या कलकत्त्याच्या दंगलीत त्याच्या पायाला गोळी लागली होती. बरं व्हायला दोन वर्षं लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. पण 1948 साली तो लंडन ऑलिंपिकला गेला आणि चिलीविरुद्धच्या 7-4 विजयात चार गोल त्यानंच केले. त्या लंडनच्या संघात मुंबईचा आयझॅक मन्सूरही होता.

तुम्ही तलावाच्या काठाला टेकून बसता. समोर सिंगापूरचा संघ. एका बाजूला सात गडी. शिट्टी होते आणि दोन्हीकडचे खेळाडू मधल्या चेंडूकडे झेपावतात. तळाला पाय टेकायचे नाहीत, काठ धरायचा नाही, गोलरक्षक सोडला तर चेंडूला दोन हात लावायचे नाहीत. एक खेळाडू गोलासमोर येतो. प्रतिस्पर्धी त्याच्या पाठीवर लोंबकळतोय. एवढ्यात तो कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळतो, एका हातानं चेंडू उचलतो, क्षणभर थांबून गोलरक्षकाला चकवतो आणि फेकतो. तुम्ही चेंडूकडे बघतच नाही. तुमचं लक्ष पाण्याखाली आहे. तेच पाय, तीच रवी.

भारत जिंकतो. आशियाई खेळांतलं वॉटरपोलोचं पहिलं सुवर्ण भारताचं! नगरच्या विहिरीतल्या पोरांना हे कुणी जाऊन सांगायला हवं होतं, असं मला फार वाटतं. त्यांच्या पैजेला जगात एक नाव आहे, तलाव आहे, पदक आहे, हे त्यांना कळायला हवं होतं.

पुढच्या बुड्या छोट्या आहेत. 1970, बँकॉक: जपान पहिला, भारताला रौप्य. 1982, दिल्लीचा तालकटोरा तलाव: चीन आणि जपानच्या मागे भारताला कांस्य. सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी पायरी उतरत आलेली ही तीन पदकं, आणि एवढीच. बाकीच्या आशियात खोल तलाव बांधले गेले, लहान वयापासून मुलांच्या हाती चेंडू आला. आपल्याकडे हा खेळ कलकत्ता, मुंबईसारखी शहरं आणि रेल्वे, सेनादलांसारखे संघ यांच्यापुरता उरला. पोहणारे पाय मात्र गावोगाव होते. याची हळहळ मला 1951च्या आनंदाइतकीच खरी वाटते.

कानांतले दडे सुटतात. काळा पाइप हाताला लागतो, वर मोटारीची घरघर चालू आहे. दोन पोरं हात वर करून समोरासमोर उभी आहेत, ओठ निळे पडलेत, तरी एकही हटायला तयार नाही. काठावरून कुणीतरी रिकामा कॅन भिरकावतं. त्या पोरांतला एक छातीपर्यंत पाण्याबाहेर उसळतो आणि कॅन एका हातानं झेलतो.